युद्धात साध्या जवानांना मिळालेली शौर्यपदकं: आपल्याला किती नावं सांगता येतात?

मुळाकाठ
पुण्याला आपण लष्कराचं शहर म्हणतो. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला अधिकारी घडवणारी एनडीए, वानवडीला लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी, खडकीला बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर. एवढं असूनही एक प्रश्न विचारला की बहुतेक पुणेकर गप्प होतात. शिपाई म्हणून भरती होऊन भारताचं किंवा ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे आणि याच शहरात अखेरचा श्वास घेणारे दोघं कोण?

एक, नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे, १/५ मराठा लाइट इन्फंट्रीत (पाचव्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत) शिपाई. ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीवर मशिनगनांचा मारा झाला. नदीपार पोचलेल्यांपैकी कंपनी कमांडर आणि आणखी एक जण जखमी होऊन पडले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे होते. त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करत दोघांनाही मागे आणलं. मग एकटेच परत गेले आणि तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, म्हणून हातबाँब फेकत राहिले. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि बाकीच्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. १९८४ साली पुण्यात निधन.

दुसरे, राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये १९४० साली जवान म्हणून भरती. पुढे अधिकारी झाले आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर परमवीर चक्र मिळवलं. १९९४ साली पुण्यातच गेले.

तुम्हाला अशी आणखी कोणती नावं माहीत आहेत? आणि खरा प्रश्न पुढेच आहे: पदक लायक माणसापर्यंत पोचतं का? माझं मत असं की शौर्य आणि पदक यांच्यामध्ये एक साक्षीदार लागतो. तो जिवंत राहिला तर पदक, नाही तर नाही.

शनिवारातली_सई
राणे माहीत होते, जाधव नव्हते. वाचतेय.

घाटमाथा
मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला एक पुतळा दिसतो, तो यशवंत घाडगे यांचा. हुद्दा नाईक, ३/५ मराठा, गाव पळसगाव. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे सरळ त्या मशिनगनवर धावून गेले. आधी हातबाँब टाकला, मग टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगनची नळी हातात धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. कोकणात जाणारे इतके लोक त्या पुतळ्यावरून पुढे जातात, एकदा थांबून खालचा मजकूर वाचला पाहिजे.

तिखट_रस्सा
घाटमाथा, अंगावर काटा आला. माणगावला आजवर फक्त वडापावसाठी थांबलोय, पुढच्या वेळी आधी पुतळा.

गणपत_सुभेदार
मुळाकाठ, विषय काढलात, बरं वाटलं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालोय. पदक कसं मिळतं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की दिल्लीत कोणी तरी यादी करतं.

सुरुवात पलटणीतून होते. कारवाई झाली की कंपनी कमांडर आपल्या सीओला, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाला सांगतो, अमक्याने असं केलं. मग पाहिलेल्यांचे जबाब घेतात. त्यावरून सायटेशन लिहिलं जातं: दिवस कोणता, जागा कोणती, शत्रू किती लांब, गोळीबार कशाचा, जवानाने काय केलं, त्याने लढाईवर काय परिणाम झाला. हा कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असा चढत सेना मुख्यालयात जातो, तिथून संरक्षण मंत्रालयात आणि शेवटी राष्ट्रपतींकडे. वर जाताना शिफारस खाली येऊ शकते. पलटणीने महावीर चक्र मागितलं आणि वीर चक्र मिळालं, असं होतं. सेना मेडलवर थांबतं, कधी काहीच मिळत नाही.

म्हणून तुमचं साक्षीदाराचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. साक्षीदाराइतकाच लिहिणाराही लागतो. ‘शौर्याने लढला’ एवढंच लिहिलं तर वरच्या टेबलावर ते वाक्य शंभर सायटेशनांमध्ये असतं. ‘चाळीस मीटर उघड्यावरून रांगत गेला, जखमी असताना दुसऱ्यांदा गेला’ असं लिहिलं तर वाचणारा थांबतो. चांगला सीओ जवानासाठी रात्र जागून सायटेशन लिहितो. असे अधिकारी मी पाहिलेत आणि त्यांना विसरणार नाही.

आकडेमोड
सुभेदार साहेब, फार छान समजावलंत. मी थोडं मोजून बघितलं. आजपर्यंत २१ परमवीर चक्रं दिली गेली. त्यात अधिकारी १२, जेसीओ, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधले सुभेदार-नायब सुभेदार, २ (जोगिंदर सिंग, बाना सिंग) आणि जवान ७: जदुनाथ सिंग, पीरू सिंग, करम सिंग, अब्दुल हमीद, अल्बर्ट एक्का, योगेंद्र सिंग यादव, संजय कुमार. सैन्यात एका अधिकाऱ्यामागे कितीतरी जवान असतात, तरी पदकांत अधिकारी निम्म्याहून जास्त. यामागे लिहिण्याची गोष्ट आहेच. अधिकाऱ्याचं शौर्य अधिकाऱ्याच्या भाषेत लिहिलं जातं आणि जवानाचं दुसऱ्या कोणी तरी लिहावं लागतं.

फौजीची_लेक
आकडेमोड, आकडे बरोबर, निष्कर्षाशी असहमत.

आपल्या सैन्यात तरुण अधिकारी हल्ल्याच्या पुढच्या फळीत असतो. अरुण खेत्रपाल, मनोजकुमार पांडे, विक्रम बत्रा, या मुलांचं वय बघा. पलटणीला पुढे नेणारा माणूस पुढे असतो, गोळी त्याला आधी लागते आणि लढाई वळवणारा क्षणही बऱ्याचदा त्याच्याच वाट्याला येतो. त्यावरून जवानांवर अन्याय झाला असं थेट म्हणता येत नाही. शिवाय तुमच्याच यादीत बघा: २१ पैकी १४ मरणोत्तर आहेत. जे सात जण पदक घ्यायला जिवंत राहिले त्यातले चार जेसीओ किंवा जवान. यादव आणि संजय कुमार तर आपल्या पिढीतले.

माझे वडील म्हणायचे, पदक कुणाच्याही छातीवर असलं तरी त्यात सेक्शनच्या दहा जणांचा घाम असतो.

आकडेमोड
ताई, पुढच्या फळीचा मुद्दा मान्य. पण तुमच्या वडिलांचं वाक्य माझ्याच बाजूने जातं. त्या दहा जणांची नावं कुठे आहेत?

घाटमाथा
आकडेमोड, तुम्ही लग्नाच्या पंगतीतही वरपक्षाची पानं मोजत असाल :)
पण प्रश्न योग्य आहे.

पाषाणची_मेधा
थोडं अवांतर. परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांनी केलं, हे इथल्या सगळ्यांना माहीत असेलच. नसेल त्यांच्यासाठी: जन्म स्वित्झर्लंडमधला, लग्न विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी. संस्कृत, पुराणं, उपनिषदं यांचा त्यांचा अभ्यास इतका होता की मेजर जनरल हिरालाल अटल यांनी स्वतंत्र भारताच्या पदकाचं काम त्यांच्यावर सोपवलं. पदक ब्राँझचं, फीत जांभळी, मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृत्या. वज्र म्हणजे दधीचींनी आपली हाडं देऊन घडू दिलेलं शस्त्र. २६ जानेवारी १९५०ला पदक सुरू झालं आणि लागू केलं १५ ऑगस्ट १९४७पासून. पहिलं मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर.

महावीर चक्र आणि वीर चक्र दोन्ही चांदीची. महावीरची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. छातीवर फक्त रिबिनी असतील तर यावरून ओळखता येतं.

मुळाकाठ
मेधाताई, हे अवांतर नाहीच. सर्वोच्च पदकाला हुद्द्याची अट ठेवली नाही, ही किती मोठी गोष्ट आहे ते ब्रिटिश काळ बघितला की कळतं. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना तो खुला व्हायला १९११ उजाडलं. तोपर्यंत त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं, ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली सुरू केलेलं ऑर्डर ऑफ मेरिट. त्याचे तीन वर्ग, आणि वरचा वर्ग हवा तर पुन्हा नवा पराक्रम करायचा. पगारात वाढ मिळायची, म्हणून जवानाच्या घरी त्याची किंमत फार. गोऱ्या सैन्यातही अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस आणि शिपायाला मिलिटरी मेडल, एकाच खंदकातल्या एकाच कामासाठी. ब्रिटिशांनी हा भेद १९९३ साली काढला. आपण १९५० सालीच हुद्दा बघायचा नाही असं ठरवलं. मला याचा अभिमान वाटतो.

नाणीवेडा
मी जुनी पदकं जमवतो. जुना बाजारात बुधवारी आणि रविवारी नाण्यांच्या ढिगात अजूनही पहिल्या महायुद्धाची पदकं सापडतात. ब्रिटिश वॉर मेडल अस्सल चांदीचं असतं, म्हणून पुष्कळ घरांमधून ते सराफाकडे गेलं आणि वितळलं. मजूर तुकड्यांना तेच पदक ब्राँझमध्ये मिळालं. ब्राँझला मोड येत नाही, म्हणून ती टिकली. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पदकाची कड मी भिंगाखाली वाचतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं.

फौजीची_लेक
नाणीवेडा, तुमचा छंद समजते, पण मला हे सहन होत नाही. ज्या पदकासाठी माणूस इराकमधल्या बसऱ्याला आणि कुतला गेला, ते टोपलीत किलोवर का विकलं जावं?

नाणीवेडा
ताई, टोपलीत येण्याआधी ते कोणाच्या तरी घरातून निघालेलं असतं. दुष्काळात, आजारपणात, वाटणीत. घरच्यांना दोष देता येत नाही. मी घेतलं नाही तर उद्या ते मुशीत जाईल. पत्ता लागला तर मी कुटुंबाला परत देतो, पैसे न घेता. पण कडेवर गाव नसतं, तिथेच शोध अडतो.

गणपत_सुभेदार
दोघांचंही बरोबर आहे. नाणीवेडा, नंबर आणि पलटण असेल तर इथे टाकत जा. पलटणीतली जुनी माणसं काही वेळा घर शोधून काढतात.

सातारी_माती
आमच्याकडं साताऱ्याजवळ अपशिंगे गाव हाय, लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणत्यात. पैल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. गावात त्यांचा स्तंभ हाय. त्यातल्या किती जणांना शौर्यपदक मिळालं आसंल? बहुतेकांना मेल्यावर जे सगळ्यांना मिळतं तेच, चांदीचं न् पितळंचं. मुळाकाठ म्हणत्यात ते मला पटतं, पण एक सांगतो. गावात कुणी विचारत नाय की तुझ्या आज्याला कुठलं मेडल. ‘तो गेला होता’ एवढंच विचारत्यात. जो गेला तो मोठा.

शनिवारातली_सई
सातारी_माती, तुमच्या प्रतिसादाला टाळ्या.

मुळाकाठ
साक्षीदारावरून रेझांग ला आठवतं. १८ नोव्हेंबर १९६२, लडाख, १३ कुमाऊंची सी कंपनी. मेजर शैतान सिंग यांना परमवीर, आणि त्या एकाच लढाईत जेसीओ आणि जवानांना मिळून आठ वीर चक्रं. पण ही पदकं किती थोडक्यात हुकली असती ते बघा. कंपनीतले शंभराहून जास्त जण तिथेच पडले. जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परतले त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला विश्वास बसेना. १९६३च्या सुरुवातीला एक मेंढपाळ तिथे पोचला, मग शोधपथक गेलं. जवान आपापल्या मोर्च्यात गोठलेले होते, हत्यारं हातात. तेव्हा खात्री पटली. परतलेले ते काही जण परतले नसते आणि तो मेंढपाळ त्या वाटेने गेला नसता, तर आज आपण रेझांग लाचं नाव तरी घेतलं असतं का? आणि जिथून कोणीच परतलं नाही अशी किती ठाणी असतील? माझा सगळा धागा या एका प्रश्नासाठी आहे.

आकडेमोड
हा प्रतिसाद मुख्य धाग्यातच हवा होता.

फौजीची_लेक
मुळाकाठ, हे मान्य. पूर्ण मान्य.

राणेंच्या बाबतीतही बघा. सुरुंग काढायला सुरुवात केली तोच तोफगोळे पडले. त्यांच्या सेक्शनचे दोघं ठार, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. तरी रणगाड्याखाली सरपटत राहिले आणि दोरीने चालकाला इशारे देत त्याला सुरुंगांमधून पुढे नेलं. दिवसरात्र रस्ता मोकळा करत गेले, आडवी टाकलेली पाइनची झाडं उडवली, तेव्हा रणगाडे राजौरीपर्यंत पोचले. आपण राणेंना सलाम करतो. ते दोन सॅपर कोण, हे मलाही सांगता येत नाही.

पाषाणची_मेधा
घरच्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. शौर्यपदकाबरोबर मासिक भत्ता असतो. २०१७ साली तो दुप्पट झाला, तेव्हा परमवीरला महिना २० हजार, महावीरला १० हजार, वीर चक्राला ७ हजार झाले. जवान गेला की पत्नीला मिळतो. पण २०१७ पर्यंत अट अशी होती की तिने पुन्हा लग्न केलं तर भत्ता बंद, फक्त दिराशी लग्न केलं तरच चालू. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ही अट काढली. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला सरकारी कागद असं सांगत होता, आणि तेही स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं. पदकाचा मान घरातल्या बाईपर्यंत पोचायला इतका वेळ लागायला नको होता.

तिखट_रस्सा
दिराची अट?! हे पहिल्यांदाच कळतंय. राग आला वाचून.

गणपत_सुभेदार
मेधाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अजूनही काही घरांना हा बदल माहीत नाही. अशी कुणी ओळखीची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. राज्याचा सैनिक कल्याण विभागही पुण्यातच आहे, घोरपडीला, राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर.

ओवी_भोर
नमस्कार, मी इथे नवीन. वाचून धीर आला म्हणून विचारते. पणजोबा मराठा पलटणीत होते, एवढंच घरात माहीत आहे. ट्रंकेत दोन वस्तू आहेत. एक पिवळ्या धातूचा सहा टोकांचा तारा, फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे. दुसरं पांढऱ्या धातूचं गोल पदक, मागे सिंह एका जनावरावर उभा. हे शौर्यपदक आहे का? घरातले म्हणतात, ‘असंच सगळ्यांना वाटलेलं’.

नाणीवेडा
ओवी, तारा म्हणजे इटली स्टार. गोल पदक म्हणजे वॉर मेडल १९३९-४५, सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन आहे. दोन्ही शौर्याची पदकं नव्हेत: स्टार त्या आघाडीवर असलेल्या सगळ्यांना मिळायचा, वॉर मेडल युद्धकाळात सैन्यात असलेल्या जवळजवळ सगळ्यांना. पण ‘असंच’ म्हणू नका. इटली स्टार म्हणजे पणजोबा तिथे लढाईच्या भागात होते, घाडगे आणि जाधव जिथे लढले त्याच मोहिमेत.

आता एक नीट बघा: गोल पदकाच्या फितीवर छोटं ब्राँझचं पान टाचलेलं आहे का?

ओवी_भोर
हो! आहे! आम्हाला वाटलं आजीने शोभेसाठी लावलं असेल. ते काय आहे?

नाणीवेडा
ते ओकचं पान आहे. त्याचा अर्थ पणजोबांचं नाव सेनापतीच्या अहवालात घेतलं गेलं. हे पदक नव्हे, पण सगळ्यांना मिळणारी गोष्टही नाही. कोणी तरी त्यांचं काम पाहिलं आणि लिहून वर पाठवलं. राणेंचाही ब्रह्मदेशात असाच उल्लेख झाला होता.

मुळाकाठ
ओवी, पणजोबांना माझा नमस्कार सांगा, फोटोसमोर का होईना.

गणपत_सुभेदार
बाळा, आता कडेवरचा आणि ताऱ्याच्या पाठीवरचा मजकूर उजेडात वाच. हिंदी सैन्याला दिलेल्या पदकांवर नाव कोरलेलं असतं. पॉलिश मात्र लावू नकोस, अक्षरं झिजतात. नंबर मिळाला की दोन ठिकाणी शोध. एक, लंडन गॅझेट. उल्लेख झालेल्यांची नावं त्यात छापली जायची आणि ते इंटरनेटवर मोफत बघता येतं. आपली नावं इंग्रजांनी वाटेल तशी लिहिलीत, म्हणून नावापेक्षा नंबराने शोध. दोन, बेळगावला आमचं रेकॉर्ड ऑफिस. तिथे नंबर, नाव, गाव आणि तू कोण लागतेस हे लिहून साधं पत्र पाठव. सोबत पदकांचे फोटो जोड. पत्राचा मसुदा मी करून देतो, व्यक्तिगत निरोपात कळव.

ओवी_भोर
आजोबा, खूप आभार. भिंग घेऊन बसले आहे. नंबर लागतोय, पुढे हुद्दा नाईक दिसतो. सगळं नीट उतरवून उद्या तुम्हाला निरोप करते.